सपाट माथ्याचा डोंगर

बालमित्रांनो, 'माझे गाव' या विषयावर चित्र काढायला सांगितलं की तुम्ही काय काढता? दोन टोकदार डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, खाली वाहणारी नदी आणि काठावर एक नारळाचं झाड. हो ना? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात नारळ फारसा दिसत नाही, तरी आमची मुलंही चित्रात नारळ काढतातच!

पण मागच्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक गंमत झाली. निम्म्या मुलांच्या चित्रात डोंगराला शेंडाच नव्हता. वरून सुरीनं कापल्यासारखा सपाट माथा आणि बाजूनं पायऱ्या. मी एका मुलीला म्हटलं, "अगं, डोंगर असा असतो का?" ती खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, आमचा डोंगर असाच हाये."

मी खिडकीतून पाहिलं, तर तिचं खरंच होतं. आमच्या शाळेतून दिसणारा डोंगर देवानं केलेला नाही, माणसानं रचलेला आहे. तो आहे दगडी कोळशाच्या खुल्या खाणीतून काढलेल्या दगडमातीचा ढीग. त्याच दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलानं मला विचारलं, "सर, तो डोंगर घसरला त आपल्या शाळेवर येईन का जी?"

मित्रांनो, गुरुजींना सगळं येतं असं तुम्हाला वाटतं ना? मला उत्तर आलं नाही. "उद्या सांगतो," म्हणालो आणि त्या 'उद्या'ला पुढे दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी जे वाचलं, विचारलं आणि मुलांबरोबर करून पाहिलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

हा डोंगर येतो कुठून?

कोळसा काही शेतातल्या बटाट्यासारखा वरवर सापडत नाही. वर माती, तिच्याखाली वाळूचा दगड, चिकणमातीचे थर आणि मग कोळसा. भुयारी खाणीत बोगदे खणून कोळसा काढतात. खुल्या खाणीत मात्र वरचं सगळं पांघरूण काढून बाजूला ठेवावं लागतं. या पांघरुणाला खाणीतली माणसं 'ओबी' म्हणतात. 'ओव्हरबर्डन' या मोठ्या शब्दाचं ते लाडकं नाव. म्हणजे कोळशाच्या डोक्यावरचं ओझं!

एक टन कोळसा मिळवायला कित्येक घनमीटर ओबी हलवावी लागते. भलेमोठे डम्पर ती दिवसरात्र वाहून आणतात आणि एका जागी ओततात. वर्षं जातात, ढीग वाढतो आणि सपाट प्रदेशात डोंगर उभा राहतो. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, वणी, उमरेड या भागांत तुम्ही कधी आलात, तर रस्त्यानं जाताना असे डोंगर दिसतील. पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवळही येते. 'दुरून डोंगर साजरे' म्हणतात ना, तसे ते छान दिसतात!

पण खरा डोंगर आणि हा डोंगर यांत मोठा फरक आहे. खऱ्या डोंगराचा खडक लाखो-कोट्यवधी वर्षं एकमेकाला चिकटून बसलेला असतो. आमचा डोंगर म्हणजे सुटे दगड आणि सुटी माती. मग तो उभा तरी कसा राहतो?

परातीतली प्रयोगशाळा

हे समजायला एक सोपा प्रयोग करा. आईची परात मागून घ्या. विचारून घ्या हं! शिवाय कोरडी वाळू, एक तांब्या पाणी आणि कंपासपेटीतला कोनमापक.

पहिला प्रयोग. कोरडी वाळू मुठीतून हळूहळू परातीच्या मधोमध सोडा. छोटा शंकू तयार होईल. आणखी वाळू सोडा. शंकू उंच होईल, रुंद होईल, पण त्याचा उतार तेवढाच राहील. जास्त उभा करायला जाल तर वरची वाळू घरंगळून खाली येईल. हा उतार कोनमापकानं मोजा. कोरड्या वाळूसाठी तो साधारण ३० ते ३५ अंश भरेल. वाळूचे कण एकमेकांवर घासतात, एकमेकांत अडकतात, म्हणून ती या कोनापर्यंत थांबते. या कोनाला 'विरामकोन' म्हणतात. वाळू इथे विराम घेते!

दुसरा प्रयोग. तीच वाळू थोडी ओली करा. आता ती उभी भिंतसुद्धा होऊन राहील. दिवाळीचा किल्ला करताना हे तुम्ही अनुभवलंच असेल. थोडंसं पाणी कणांना ओढून धरतं, जणू पातळ डिंकच.

तिसरा प्रयोग सगळ्यांत महत्त्वाचा. पुन्हा वाळूचा उभट ढीग करा आणि परातीच्या कडेनं हळूहळू पाणी ओता, ढिगावर नाही. पाणी वाळूत खालून शिरेल. वरून ढीग कोरडाच दिसेल. थोडा वेळ काहीच होणार नाही. मग अचानक पायथा ढासळेल आणि वरचा सगळा भाग खाली बसेल.

माझ्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा "अरेऽऽ!" असा एकच आवाज झाला. थोडं पाणी मित्र होतं, तेच जास्त झालं की शत्रू का बरं होतं?

विहिरीत किंवा नदीत बुडालेला दगड उचलून पाहिलाय कधी? पाण्यात तो हलका लागतो. पाणी त्याला खालून वर ढकलतं. ढिगाच्या पोटात पाणी साठलं की तिथंही तेच होतं. दोन कणांमधल्या फटींत पाणी भरतं, ते कणांना रेटतं आणि कण एकमेकांवर पूर्वीसारखे दाबून बसत नाहीत. दाब कमी झाला की घर्षणही कमी होतं. त्यातच पाणी मुरल्यामुळे वरच्या ढिगाचं वजन वाढलेलं असतं. म्हणजे ओझं वाढलं आणि पकड सुटली!

आता मी तुम्हाला एका खऱ्या गावाची गोष्ट सांगतो. ती दुःखाची आहे. पण तुमच्याएवढ्या मुलांची आहे, म्हणून तुम्हाला ती ठाऊक असायलाच हवी.

अ‍ॅबरफॅनची सकाळ

ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या टॅफ नदीच्या खोऱ्यात अ‍ॅबरफॅन नावाचं छोटं गाव आहे. गावातले बहुतेक बाप्ये जवळच्या मर्थर व्हेल कोळसा खाणीत कामाला जात. ही भुयारी खाण होती. तिच्यातून निघणारा टाकाऊ दगड आणि कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळ गावाच्या वरच्या डोंगरउतारावर टाकत. असे एकूण सात ढीग होते. सातवा ढीग १९५८ साली सुरू झाला. त्याची उंची ३४ मीटरपर्यंत पोचली होती. म्हणजे साधारण दहा मजली इमारतीएवढी.

या सातव्या ढिगात एक मोठी चूक दडलेली होती. तो ज्या जागेवर रचला, तिथं जमिनीतून झरे वाहत होते. हे कुणाला माहीत नव्हतं का? होतं! सरकारी नकाशावर ते झरे दाखवलेले होते. गावातली माणसंही ते जाणत होती. तरी ढीग तिथंच वाढत गेला. आठवली का आपली परात? खालून शिरणारं पाणी?

२१ ऑक्टोबर १९६६. शुक्रवार. सहामाही सुट्टी लागण्यापूर्वीचा शेवटचा दिवस. तुम्ही सुट्टीच्या आदल्या दिवशी कसे असता, तशीच पँटग्लास प्राथमिक शाळेची मुलं आनंदात होती. त्याआधी तीन आठवडे पाऊस पडत होता. खोऱ्यात दाट धुकं होतं.

सकाळी साडेसातला कामगार ढिगाच्या माथ्यावर पोचले, तेव्हा माथा तीनेक मीटर खचलेला त्यांना दिसला. क्रेनचे रूळ खड्ड्यात गेले होते. वरून खाली कळवायला टेलिफोन नव्हता, कारण त्याची तार चोरीला गेली होती. म्हणून एक माणूस चालत खाली निरोप घेऊन गेला. तो परत आला तो असा हुकूम घेऊन, की आज ढिगावर काही टाकू नका, नवी जागा पुढच्या आठवड्यात ठरवू.

सव्वानऊच्या सुमाराला ढीग सुटला. तो दगडांसारखा गडगडत आला नाही, दाट काळ्या पाण्यासारखा वाहत आला. सहा ते नऊ मीटर उंचीच्या लाटा, धावणाऱ्या माणसालाही गाठतील अशा वेगानं. धुक्यामुळे खालच्या लोकांना काही दिसलं नाही, फक्त आवाज ऐकू आला. मुलं नुकतीच वर्गात बसली होती. लाट शाळेवर आणि शेजारच्या घरांवर कोसळली.

बाया-बापडे हातांनी माती उपसायला धावले. खाणीतले कामगार काम टाकून धावत आले. आपल्याच मुलांना शोधायला. सकाळी अकरानंतर एकही जण जिवंत सापडला नाही. एकूण १४४ माणसं गेली. त्यांत ११६ मुलं होती, बहुतेक सात ते दहा वर्षांची. मोठ्यांमध्ये त्या शाळेचे पाच शिक्षक होते. त्यांतल्या काहींनी शेवटच्या क्षणी मुलांना कवेत घेतलं होतं.

मित्रांनो, हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्याही वर्गात सत्तावीस मुलं आहेत आणि माझ्याही खिडकीतून ढीग दिसतो.

इशारे होते, ऐकलं नाही

पुढे सरकारनं चौकशी नेमली. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस तिचे अध्यक्ष होते. ७६ दिवस कामकाज चाललं, १३६ साक्षी झाल्या आणि ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. दुर्घटना टाळता आली असती आणि टाळायलाच हवी होती, असं त्यात स्पष्ट म्हटलं. सरकारी कोळसा मंडळाला दोषी ठरवलं. कुणी मुद्दाम वाईट वागलं नव्हतं. पण अज्ञान होतं, हलगर्जी होती आणि एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचत नव्हतं. शिवाय खाणीच्या बोगद्यांसाठी नियम होते, पण बाहेरच्या ढिगांकडे कुणी लक्षच देत नव्हतं.

इशारे नव्हते का? १९४४ साली तिथलाच चौथा ढीग घसरला होता. १९६३ साली खुद्द सातवा ढीग घसरला होता. त्याच सुमाराला नगरपरिषदेच्या अभियंत्यानं शाळेमागच्या गाळाचा धोका पत्र लिहून कळवला होता. १९६५ साली शाळेजवळ पाणी तुंबतं म्हणून मुलांच्या आयांनी सह्यांचा अर्ज केला होता आणि मुख्याध्यापिकाबाईंनी तो नगरपरिषदेकडे दिला होता. त्या मुख्याध्यापिकाबाईही २१ ऑक्टोबरला गेल्या.

टेलिफोन चालू असता तरी त्या सकाळी मुलं वाचली नसती, असंही चौकशीत निघालं. वेळच उरला नव्हता. टेलिफोन कामाला आला असता तो तीन वर्षं आधी.

आणखी एक गोष्ट ऐका. उरलेले ढीग तरी हटवा, असं गावकरी विनवत होते. अखेर ते हटवायला काढले, पण खर्चापायी दीड लाख पौंड लोकांनी दुःखितांसाठी दिलेल्या मदतनिधीतून घेतले! ते परत मिळायला १९९७ साल उजाडलं. मात्र एक चांगलंही झालं. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ढिगांच्या सुरक्षिततेसाठी वेगळा कायदा झाला.

ढिगाची तपासणी कशी करतात?

डॉक्टर जसे नाडी पाहतात, छातीला नळी लावतात, रक्त तपासतात, तशीच ढिगाचीही तपासणी असते.

सगळ्यांत आधी इतिहास विचारतात. ढिगाखाली काय होतं? ओढा? झरा? शेत? जुने नकाशे पाहतात, गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारतात. आमच्या भागात ढिगाखालची काळी माती फार महत्त्वाची. विदर्भातल्या मुलांना ती चांगली ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून लोण्यासारखी मऊ होते. तिच्यावर डोंगर ठेवला तर? लोण्यावर पाटा ठेवल्यासारखंच! म्हणून ढीग रचण्याआधी काळी माती खरवडून वेगळी ठेवावी लागते. पुढे झाडं लावायला तीच कामी येते.

मग नमुने घेतात. जमिनीत भोकं पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती काढतात आणि प्रयोगशाळेत नेतात. तिथं एक गमतीची पेटी असते. वरचा अर्धा भाग वेगळा, खालचा अर्धा वेगळा. पेटीत माती भरतात, वरून वजन ठेवतात आणि एक अर्धा भाग आडवा ढकलतात. माती किती जोर लावल्यावर सरकते ते मोजतात. त्यावरून मातीची ताकद कळते.

नंतर गणित! तुम्ही रस्सीखेच खेळता ना? ढिगाच्या पोटात सारखी रस्सीखेच चालू असते. एका बाजूला ढिगाचं वजन. ते त्याला खाली ओढतं. दुसऱ्या बाजूला घर्षण आणि चिकटपणा. ते त्याला धरून ठेवतात. धरणाऱ्या जोराला ओढणाऱ्या जोरानं भागलं की जो आकडा येतो, त्याला 'सुरक्षा गुणांक' म्हणतात. तो बरोबर १ आला तर ढीग काठावर पास! १ च्या खाली गेला की घसरला. म्हणून अभियंते तो १ पेक्षा बराच जास्त ठेवतात. आणि हे गणित उन्हाळ्यातल्या कोरड्या ढिगाचं करून भागत नाही. भर पावसातल्या ओल्या ढिगाचं करावं लागतं.

शेवटी पहारा. ढिगावर खुंट्या ठोकून त्या जागच्या जागी आहेत का ते दुर्बिणीच्या यंत्रानं पाहतात. भोकांत नळ्या सोडून आतलं पाणी किती चढलं ते मोजतात. भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुणा करून ती रुंदावते का ते बघतात. आता तर रडार यंत्रंही आली आहेत. दूर उभं राहून ती ढिगाची मिलिमीटरएवढी हालचालही टिपतात. ढीग बहुधा मोठा घसरण्याआधी थोडा थोडा सरकतो. ते सरकणं हाच त्याचा निरोप असतो, पण तो वाचणारा कुणीतरी हवा.

आपल्या देशातही नियम आहेत. ओबीचा ढीग ३० मीटरपेक्षा उंच होणार असेल तर त्याला पायऱ्या पाडाव्या लागतात आणि कोणतीही पायरी ३० मीटरपेक्षा उंच ठेवता येत नाही. एकूण उतार असा हवा, की एक मीटर चढायला निदान दीड मीटर आडवं जावं लागेल. म्हणजे सुमारे ३४ अंश. आता कळलं ना, आमच्या मुलांच्या चित्रातल्या डोंगराला पायऱ्या का होत्या!

तरीही दुर्घटना होतात. झारखंडमध्ये गोड्डा जिल्ह्यात लालमटिया इथं राजमहल नावाची खुली खाण आहे. २९ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी तिथं ओबीचा ढीग खालच्या जमिनीसकट खाणीत घसरला. २३ कामगार गेले. आणि वेल्समध्ये? खाणी बंद झाल्या, पण ढीग राहिले. २०२० च्या फेब्रुवारीत वादळी पावसात टायलर्सटाऊन इथला जुना ढीग घसरला. सुदैवानं कुणी दगावलं नाही. त्यानंतर तिथल्या सरकारनं मोजणी केली, तर दोन हजारांहून जास्त जुने ढीग निघाले. खाण बंद झाली तरी ढिगावरचा पहारा बंद करून चालत नाही, हे आता तिथं सगळ्यांना पटलंय.

आमची कोनमापक पलटण

हे सगळं वर्गात सांगितल्यावर मुलं गप्प बसणार होती थोडीच! "सर, आपण मोजू," म्हणाली. ढिगावर जायचं नाही ही माझी अट. मग दुरून कसं मोजायचं?

कोनमापकाची सपाट कड वर करून धरा. मधल्या छिद्रातून दोरा ओवून त्याला खडा बांधा. कड आडवी असेल तर दोरा ९० वर लटकेल. आता एक डोळा मिटून ती कड ढिगाच्या उताराच्या रेषेला जुळवा. दोरा ९० पासून जितके अंश सरकेल, तितका ढिगाचा उतार. आम्ही शाळेच्या अंगणातून मोजलं. प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं आलं. सगळ्यांची सरासरी काढली ती ३३! सरासरी कशाला शिकायची, असं विचारणारा मुलगा त्या दिवशी काही बोलला नाही.

मग शाळेपासून ढिगाच्या पायथ्याच्या कुंपणापर्यंतची पावलं मोजली. आणि मग मुलांनीच एक पत्र लिहिलं. "आमच्या शाळेवर डोंगर येईल का? त्याच्याखाली ओढा होता का? तुम्ही पाणी कसं मोजता?" असे सात प्रश्न. शाळा समितीनं ते खाणीच्या सुरक्षा विभागाकडे पोचवलं.

खरं सांगू? उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तीन आठवड्यांनी एक अभियंता साहेब शाळेत आले, नकाशा घेऊन. त्यांनी ढिगाखालची जमीन कशी होती ते दाखवलं, पायथ्याची दगडी भिंत आणि भोवतालचा पाण्याचा चर दाखवला. झाडांची मुळं वरची माती धरतात, पण खोलवरचं घसरणं मुळांनी थांबत नाही, त्याला पाण्याचा निचराच लागतो, हेही सांगितलं. शाळा पुरेशी लांब आहे, असं म्हणाले. तेव्हा ती चित्रातली मुलगी उठून म्हणाली, "साहेब, पण तुमच्या चरात बाभळी वाढल्या ना जी. पाणी भाईर येते." साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मृगाच्या आधी चर साफ झाला.

बस, एवढंच झालं. कुणाला बक्षीस मिळालं नाही, पेपरात फोटो आला नाही.

एक गोष्ट मात्र मला आधीच कळायला हवी होती. आमच्या वर्गातली चार-पाच मुलं पावसाळ्यात खताच्या रिकाम्या पोत्यावर बसून त्या ढिगावरून घसरगुंडी खेळत असत. काही जण शेकोटीसाठी कोळशाचे तुकडे वेचायला जात. वाळूचा प्रयोग झाल्यावर त्यांनीच मला हे हळूच सांगितलं. मी रागावलो नाही. परातीतला ढासळलेला ढीग त्यांनी पाहिलाच होता. आता ती जात नाहीत, आणि लहान भावंडांनाही जाऊ देत नाहीत.

तुम्ही काय कराल?

तुमच्या गावाजवळ कोळशाची खाण नसेल. पण दगडाची खाण असेल, रस्त्यासाठी कापलेला डोंगर असेल, विहिरीतून काढलेल्या मुरमाचा ढीग असेल, किंवा तुमचं गावच डोंगराच्या कुशीत असेल. पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी खऱ्या डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. तिथंही आधी पावसाची झड लागलेली होती. म्हणून या खुणा लक्षात ठेवा:

उताराच्या माथ्यावर नवी भेग दिसली, किंवा जुनी भेग रुंदावली.

विजेचे खांब, झाडं, कुंपण एका बाजूला कलू लागली.

पायथ्याची जमीन फुगली, किंवा तिथून एकाएकी गढूळ पाणी येऊ लागलं.

नेहमीचा झरा अचानक आटला, किंवा नसलेला झरा फुटला.

असं काही दिसलं तर जवळ जाऊन बघत बसू नका. लांब व्हा आणि मोठ्या माणसांना सांगा: आईबाबांना, गुरुजींना, सरपंचांना. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. लिहून द्या आणि तारीख घाला. 'आपण लहान, आपलं कोण ऐकणार?' असं म्हणू नका. चरातल्या बाभळी आमच्या गावात मोठ्यांपैकी कुणालाच दिसल्या नव्हत्या, हे विसरू नका.

आणि हो, मागच्या बाकावरच्या मुलाला मी अखेर उत्तर दिलं. "आज तरी डोंगर शाळेवर येणार नाही. पण पाऊस दरवर्षी येतो आणि ढीग अजून वाढतो आहे. म्हणून दरवर्षी मोजायचं." त्यानं मान डोलावली आणि विचारलं, "मंग सर, अवंदा कोनमापक कोन आनते?"

यंदा कोनमापक तोच आणणार आहे.